टेम्पोतून डॉन: संभाजीनगर ते औसा

सोमवार: छत्रपती संभाजीनगर ते जालना

लघुग्रहांकडे जाणाऱ्या यानाची गोष्ट म्हटली की शाळांना रॉकेट उडतानाचा व्हिडिओ हवा असतो. यंदाच्या शाळांच्या फेरीत तो न्यायचाच नाही, असं ताईंनी आणि मी ठरवून टाकलं. आग आणि धूर पोरं मोबाईलवर रोज बघतात. यान रॉकेटच्या टोकाशी जाऊन बसेपर्यंत जमिनीवर त्याचे काय काय हाल होतात, ते मात्र कुणी सांगत नाही आणि सगळा मसाला तिथेच आहे. म्हणून यावेळी विषय एकच: उड्डाणाच्या आधीचं काम.

सोबत नासाच्या ‘डॉन’ यानाचं मॉडेल, एकास पाच प्रमाणातलं. खरं डॉन सौरपट्ट्यांचे पंख उघडल्यावर टोकापासून टोकापर्यंत १९.७ मीटर भरायचं. आमचं चार मीटरला जरा कमी. धड मात्र इवलंसं, फूटभर रुंदीचं खोकं. दर पंखाला पाच फळ्या, मधे दाराच्या बिजागऱ्या, वर निळा सनमायका. टेम्पो चाचांचा. एरवी तो मोंढ्यात धान्य वाहतो, त्यामुळे हौद्यात तुरीचा भुसा आणि पोत्यांचा वास कायमचा मुक्कामाला. मॉडेलभोवती चाचांनी दोन गोधड्या गुंडाळल्या, वरून ताडपत्री आवळली आणि सांगितलं, “सर, धूल तो घुसेंगीच. रस्ता मराठवाडे का है.”

जालना साठेक किलोमीटर. शेंद्रा मागे पडलं की दोन्ही बाजूंना वेचणी संपत आलेला कापूस आणि हिरवागार हरभरा. जालना जवळ आलं की लोखंडाच्या सळ्यांचे ट्रक वाढतात. बियाणं आणि सळई, या दोन गोष्टींवर हे गाव चालतं.

मॉडेलचा सांगाडा इथल्याच एका फॅब्रिकेशनवाल्या मामांनी केलेला. एक बिजागरी अडत होती, म्हणून आधी त्यांच्याकडे. मामांनी ग्राइंडर बंद केला, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिला प्रश्न टाकला, “खऱ्याचं वजन किती?”

उड्डाणाच्या वेळी १,२१८ किलोच्या आसपास. त्यातला ४२५ किलो नुसता झेनॉन वायू. त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, करून विजेच्या जोरावर मागे फेकायचे आणि यान पुढे सरकवायचं. जोर किती? ताईंनी मामांच्या तळहातावर वहीचे दोन कोरे कागद ठेवले. एवढाच. ताशी शंभर किलोमीटरचा वेग धरायला चार दिवस लागतात, पण हे इंजिन दिवसरात्र, वर्षानुवर्षं चालतं. मामा कागद खालीवर करत राहिले. “आन् एवढ्यावर कुठवर गेलं?” आधी वेस्टा हा लघुग्रह, मग सेरेस हा बटुग्रह. पृथ्वीबाहेरच्या एका मोठ्या खगोलाभोवती फिरून, तिथून निघून दुसऱ्याभोवती फिरणारं हे पहिलंच यान.

मामांना सगळ्यात जास्त भिडली ती रद्द झालेल्या कामाची कथा. २००६ च्या मार्चमध्ये, खर्च वाढला आणि तांत्रिक अडचणी आल्या म्हणून नासाने डॉन रद्दच करून टाकलं होतं. यान बरंचसं जोडून झालेलं. मंडळींनी फेरविचाराचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात, २७ तारखेला, निर्णय फिरला. मामा म्हणाले, “अर्धा माल बनवून ठेवला आन् पार्टी नको म्हणली, हे आमच्याकडं वर्साला दोनदा होतंय. फिरून हो म्हणणारी पार्टी काय आमाला भेटली नाही.”

मग मी पान्याचं सांगितलं. उड्डाण तोंडावर आलेलं असताना, २००७ च्या जूनमध्ये, तंत्रज्ञाच्या हातातलं अवजार सौर पंखाच्या पाठीला लागलं आणि थोडी इजा झाली. दुरुस्ती झाली, निभावलं. मामांचा चेहरा एकदम गंभीर. “त्या पोराला त्या राती झोप लागली नसंल,” म्हणाले आणि बिजागरीचा खिळा काढायला बसले. जुन्या टूथब्रशने आतली माती खरवडली, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, फळी सात-आठ वेळा उघडमिट केली. प्रत्येक वेळी कान जवळ नेऊन. पैसे घेतले नाहीत.

मंगळवार: जालना, मंठा, लोणार, जिंतूर

मंठ्याच्या अलीकडच्या शाळेत आम्ही मॉडेल उघडायच्या आधी फक्की मागवली. मैदानावर पोरांकडून खऱ्या मापाचं डॉन आखून घेतलं. टेपचं एक टोक धरून एक पोरगी पळत सुटली ती थेट नळापर्यंत. तिथल्या कबड्डीच्या मैदानाची लांबी १३ मीटर, यानाचे पंख त्याच्या बाहेर दोन्हीकडून तीन-तीन मीटर. “एवढं मोठं रॉकेटमधी बसतंय कसं?” हा प्रश्न आपोआप आला आणि मगच आम्ही गोधड्या सोडल्या. घडी घालून बसतं, म्हणून. घडी नीट उलगडेल का, हे जमिनीवरच पुन्हा पुन्हा बघायचं, कारण वर गेल्यावर तेलाचा थेंब सोडायला मामा नसतात. २०२१ मध्ये निघालेल्या ‘लुसी’ यानाचा एक गोल पंख पुरता उघडून जागेवर घट्ट बसलाच नाही. पुढे कित्येक महिने पृथ्वीवरून आज्ञा पाठवून पाठवून तो ताणून घ्यावा लागला.

तेवढ्यात वावटळ आली. आखलेलं यान अर्धं पुसलं आणि सगळ्यांच्या दातांत कचकच. क्लीनरूमचा विषय काढायला याहून बरी वेळ कुठली मिळणार होती? यान जोडतात त्या खोल्यांचा एक नेहमीचा दर्जा ‘क्लास एक लाख’ म्हणतात: घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण एक लाखाच्या वर नकोत. ऐकायला एक लाख फार वाटतात, पण मैदानातल्या हवेत त्याच्या कित्येक पट असतात. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, टोपी, मास्क, हातमोजे. दाढीवाल्यांना दाढीलाही वेगळं आवरण. चाचांनी आपल्या दाढीवरून हात फिरवला, पोरं हसली.

‘ओसायरिस-रेक्स’चा कडकपणा त्याच्याही पुढचा. ते यान २०१६ मध्ये निघालं, बेन्नू लघुग्रहावरची माती उचलून २०२३ च्या २४ सप्टेंबरला घेऊन आलं, १२१.६ ग्रॅम भरली. त्या मातीत सजीवांशी नातं सांगणारी अमिनो आम्लं शोधायची होती. मग ती आपल्याच हातून आत गेली तर? म्हणून नमुन्याच्या भागाजवळ नायलॉनसुद्धा चालत नव्हतं, कारण नायलॉनमधून अमिनो आम्लाचे अंश सुटतात. शेवटच्या रांगेतून आवाज आला, “सर, म्हंजे तिकडं बी नायलॉनला बंदी हाय!” संक्रांत महिन्यावर आलेली, नायलॉन मांजाच्या नोटिशी शाळेच्या भिंतीवर. ते पोरगं दिवसाचा हिरो झालं.

लोणार विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात. पण इतक्या जवळ येऊन लघुग्रहवाल्यांनी तिकडे न जाणं बरं दिसलं नसतं. काठावर अर्धा तास थांबलो. पावणेदोन-एक किलोमीटर व्यासाचं, काळ्या बेसॉल्टमध्ये आदळून झालेलं विवर. वय किती? एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने पाच लाखांच्या वर. दगड समोर पडलेला असूनही एवढा फरक येतो. मग लघुग्रहाचा दगड लांबून बघून काय कळणार? उचलून आणायचा खटाटोप त्यासाठीच.

मुक्काम जिंतूरच्या अलीकडे ताईंच्या मावसभावाच्या, म्हणजे दाजींच्या, शेतात. लवकर पेरलेल्या ज्वारीचा हुरडा नुकता धरलेला. आगटीत गोवऱ्या फुलवल्या, कणसं राखेत सरकवली आणि दाजींनी ती तळहातावर चोळून फुंकर मारून समोर टाकली. कोवळे हिरवे दाणे, लसणाची चटणी, गूळ. जेमिनिड उल्कावर्षावाचा भर एक-दोन रात्रींपूर्वी ओसरला होता, तरी बोलता बोलता एखादी सटकून जायची. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंचे. जेमिनिडचं मूळ मात्र फेथॉन नावाचा लघुग्रह, १९८३ मध्ये सापडलेला. त्याच्याकडे जाणारं यान जपानमध्ये तयार होतंय. दाजींना उल्केपेक्षा आगटी विझेल याची काळजी जास्त होती.

बुधवार: जिंतूर, औंढा नागनाथ, हिंगोली

सकाळची शाळा पारावरच भरली, कारण खोल्यांना रंग देणं चालू होतं. पोरांपेक्षा गावकरी जास्त. तिथे डॉनच्या तारखांचा विषय निघाला.

यान २००७ च्या एप्रिलमध्ये ट्रकने फ्लोरिडात पोचलं. मुहूर्त २० जूनचा. तो ३० जूनवर गेला, मग ७ जुलैवर. कधी सुटे भाग उशिरा, कधी तळावरची क्रेन बिघडलेली, कधी विजा आणि ढग, कधी रॉकेटचा माग ठेवणारी विमानं-जहाजं हाताशी नाहीत. त्यातच मंगळावर जाणारं ‘फिनिक्स’ ऑगस्टमध्ये उडवायचं होतं. त्याची वेळ चुकली असती तर मंगळ पुन्हा जागेवर यायला सव्वीस महिने. म्हणून डॉन मागे ठेवलं, फिनिक्स पुढे काढलं. डॉनला आयन इंजिनामुळे थोडी सवलत होती, पण तीही ऑक्टोबरअखेरपर्यंतच. त्यानंतर वेस्टा आणि सेरेस एकमेकांपासून लांब जाणार, आणि एका दमात दोन्ही गाठता येतील अशी जुळणी पंधरा वर्षांनी.

फेटेवाले एक आबा इतका वेळ तंबाखू मळत ऐकत होते. ते म्हणाले, “वाफशासारखंच झालं की हे. रान लै वलं असलं तर पाभर चालत न्हाई, वाळलं तर बी उगवत न्हाई. मधल्या चार दिसांत बैल, बी, माणूस, सगळं एका जागी पायजे. आन् नेमकं तवाच भावकीतल्याचं लगीन निगतं.” फिनिक्सला इतका नेमका शब्द मला सुचला नसता. भावकीतलं लग्न! उड्डाणाची ही ठरावीक मुदत, लाँच विंडो, म्हणजे काय, हे मी वर्गात नकाशे काढून सांगत आलोय. पाराभोवतीच्या सगळ्यांना ते आबांच्या दोन वाक्यांत कळलं.

डॉन अखेर २७ सप्टेंबर २००७ ला निघालं. फ्लोरिडात सकाळचे ७ वाजून ३४ मिनिटं, आपल्याकडे संध्याकाळचे ५ वाजून ४ मिनिटं. वेस्टाला २०११ च्या जुलैत पोचलं, तिथून २०१२ च्या सप्टेंबरमध्ये निघून ६ मार्च २०१५ ला सेरेसला.

औंढ्याला दर्शन पटकन झालं, गर्दी नव्हती. खालच्या गाभाऱ्यात वाकून उतरताना चाचा बाहेर चपला सांभाळत थांबले आणि आम्ही येईपर्यंत पेढेवाल्याशी त्यांची सोयरीक जुळलेली.

औंढ्याजवळच दुधाळ्याला ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहतेय. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २,६०० कोटींची मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर, आत निर्वात नळ्या; गुरुत्वीय लहरी पकडण्यासाठी. लघुग्रहांशी तिचा काही संबंध नाही, पण हिंगोलीच्या शाळेत ती कामाला आली. निर्वात म्हणजे काय हे तिथल्या पोरांना सांगावंच लागत नाही, लायगोच्या निमित्ताने ते भाषणांतून पुरेसं ऐकलेलं. म्हणून थेट मुद्द्यावर: यानालाही उड्डाणाआधी मोठ्या टाकीत बंद करतात, हवा काढून घेतात आणि आळीपाळीने गोठवतात, तापवतात. हवा नसली की पंख्याने थंड करणं संपलं. उष्णता फक्त धातूतून वाहते नाहीतर प्रारणाने बाहेर पडते, त्यामुळे एरवी व्यवस्थित चालणारं यंत्र तिथे तापून बसू शकतं. शिवाय गोंद, रंग, प्लास्टिक यांतून वायू सुटतात आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसतात. ते आधीच तापवून काढून टाकायचे. एका मुलीने विचारलं, टाकीत चालू असताना काही बिघडलं तर दार उघडतात का? सहसा लगेच नाही. हवा परत भरायची, तापमान जुळवायचं, मग उघडायचं, यात दिवस जातात. तिला हे फार अन्यायाचं वाटलं.

गुरुवार: नांदेड

इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांपुढे मॉडेल पोरकट दिसेल अशी धाकधूक होती. पण त्यांना मॉडेल नकोच होतं, त्यांना सॉफ्टवेअर हवं होतं. मग ‘सायकी’ची कथा. धातूने समृद्ध असलेल्या त्याच नावाच्या लघुग्रहाकडे जाणारं हे यान २०२२ मध्ये उडायचं होतं. यान जवळजवळ तयार, रॉकेट ठरलेलं आणि तपासणी अपुरी: उड्डाणाचं सॉफ्टवेअर आणि ते तपासायची साधनं, दोन्ही वेळेत हाताशी आली नाहीत. मुहूर्त सोडावा लागला. पुढे १३ ऑक्टोबर २०२३ ला फाल्कन हेवी रॉकेटवरून गेलं. पोचायचं आहे २०२९ मध्ये. त्यातही उड्डाणाआधीच्या शेवटच्या आठवड्यात, यान वळवणाऱ्या छोट्या नायट्रोजन थ्रस्टर्सच्या तापमानाचे आकडे सुधारावे लागले म्हणून तारीख आणखी सरकली. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “म्हणजे प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री टेस्टिंग सुरू करणारे तिथं पण आहेत.” त्याच्या सरांनी मान वळवली. मी काही बोललो नाही.

त्यांना ओसायरिस-रेक्सची आणखी एक गोष्ट सांगितली. १ सप्टेंबर २०१६, उड्डाणाला आठवडा बाकी. शेजारच्या तळावर फाल्कन ९ रॉकेट चाचणीची तयारी चालू असतानाच फुटलं. ओसायरिस-रेक्स दोनेक किलोमीटरवर इमारतीत, रॉकेटवर चढवलेलं. त्याला ओरखडाही आला नाही आणि ८ तारखेला, ठरलेल्या दिवशीच, ते गेलं. खोली एकदम शांत झाली. इतक्या वर्षांचं काम शेजाऱ्याच्या अपघातात जाऊ शकतं, हे त्यांच्या कुठल्याच पेपरात नव्हतं.

संध्याकाळी गोदावरीकाठी चहा, गुरुद्वाऱ्यात लंगर, आणि झोप.

शुक्रवार: लातूर, औसा

लातूरची शाळा रद्द झाली, कारण वेळ अमावस्या. बाहेरगावच्यांना कल्पना नसते, पण या दिवशी लातुरात रस्ते ओस पडतात आणि अख्खं गाव रानात जातं. आम्हालाही औसा तालुक्यातल्या एका शेतात बोलावणं होतं. “यान बी घेऊन या,” असा निरोप.

ज्वारीच्या मधोमध कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले पांडव, पूजा झालेली. “ओलगेऽ ओलगे” करत आंबिलाचं पाणी शिंपडत पोरं कोपीभोवती फिरली आणि पंगत बसली. भज्जी, उंडे, खीर, आणि मडक्यातलं थंडगार आंबिल. भज्जीत किती भाज्या हे विचारायचं नसतं; घरातल्या बायका प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतात. तुरीचे सोलाणे, हरभरा, वांगी, पालेभाज्या, वर डाळीचं पीठ. चाचांनी आंबिल पाच वेळा मागून घेतलं आणि मग चिंचेखाली आडवे झाले.

दुपारी मॉडेल उघडलं. हलवून बघायच्या चाचणीवर आलो. यानाला एका टेबलावर बोल्टने घट्ट बांधतात आणि रॉकेट जसं हादरवेल तसं हादरवतात. वेगळ्या खोलीत प्रचंड भोंगे लावून नुसत्या आवाजाने थरथरवतात. मी हे रंगवून सांगत होतो, तेवढ्यात घरच्या आजोबांनी थांबवलं.

“कोन्या अंगानं हालवतेत?”

तिन्ही अंगांनी, म्हटलं. वर-खाली, आणि आडवं दोन्ही दिशांनी.

“आडवं हालल्यालं वाईट.”

तिथून किल्लारी फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जन करून माणसं नुकती झोपलेली. दहा हजारांच्या आसपास गेली, बरीचशी दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. चुना-सिमेंट नसलेल्या त्या भिंती वरचं ओझं पेलायच्या, आडवा हिसका पेलायच्या नाहीत. आजोबांनी यातलं काही सांगितलं नाही. त्यांच्या घरातलं कोण गेलं हेही आम्ही विचारलं नाही. ते फक्त चाचणीबद्दल विचारत राहिले.

“हालवून झाल्यावर कळतंय कसं, आत काय ढिलं झालंय का न्हाई? वरून तर तसंच दिसंल.”

या प्रश्नाची मला आठवडाभर वाट होती, आणि तो शाळेत कुणीच विचारला नव्हता. जोराचा हादरा द्यायच्या आधी यानाला अगदी हलका, सगळ्या कंपनसंख्यांमधून फिरवत नेलेला हादरा देतात आणि ते कुठल्या कुठल्या कंपनसंख्येला जास्त डोलतं ते टिपून ठेवतात. मग खरा हादरा. मग पुन्हा तोच हलका. दोन्ही आलेख एकावर एक ठेवायचे. जुळले तर आत सगळं जागेवर. एखादं शिखर सरकलं तर कुठेतरी बोल्ट ढिला, कुठेतरी चीर. मग उघडून शोधायचं. मी मॉडेलच्या एका पंखाला टिचकी मारली, तो थरथरला. मग एक बिजागरी जराशी सैल करून पुन्हा मारली. डोलणं संथ झालं, नुसत्या डोळ्यांनाही दिसलं. आजोबांनी स्वतः दोनदा करून बघितलं.

“आमच्या घराला आसं कुणी आदी हालवून बघितलं न्हाई,” ते म्हणाले आणि बिजागरीचा स्क्रू आपल्याच नखाने आवळायला लागले. सुनेने सुरी आणून दिली.

अंधार पडला तशी पोरांनी कडब्याची पेंढी पेटवून शेताला फेरी मारली. ती विझल्यावर, चंद्र नसल्यामुळे, आकाश भरून आलं. उघड्या डोळ्यांना कधीमधी दिसू शकणारा लघुग्रह एकच, वेस्टा. त्याची खरी जागा बघायला चार्ट लागतो आणि तो ताईंच्या पिशवीत होता, पिशवी टेम्पोत, टेम्पोची किल्ली झोपलेल्या चाचांकडे. पोरांना तोवर सेरेसवर बोलायचं होतं. आठवीतल्या एकाने विचारलं, डॉन परत आलं का? नाही. २०१८ मध्ये त्याचं हायड्राझिन, म्हणजे यान वळवायचं इंधन, संपलं, अँटेना पृथ्वीकडे वळवता येईना, बोलणं बंद. ते सेरेसभोवतीच फिरतंय आणि किमान वीस वर्षं, बहुधा पन्नासहून जास्त, फिरत राहील. कक्षा मुद्दाम तशी निवडलेली, कारण सेरेसच्या पोटात खारं पाणी असण्याची चिन्हं आहेत आणि आपल्याकडचे जंतू इतक्यात तिथे पडायला नकोत.

“एवढं धुवून-पुसून पाठवलं तरी बी?” तो म्हणाला.

एवढं करूनही, हो. क्लास एक लाख म्हणजे शून्य नव्हे, ताईंनी त्याला हिशेब समजावला.

परत निघता निघता जालन्याच्या मामांचा फोन. त्यांना पुढच्या वर्षी सायकी करायचंय. त्याचे पंख फुलीच्या आकाराचे, दोन्ही मिळून पंचवीस मीटरला थोडे कमी. एकास पाचने पाच मीटर. चाचांनी स्पीकरवर ऐकलं आणि हौद्याची लांबी वितीने मोजली. “एकास आठ करो,” त्यांनी मामांना सांगितलं, “नहीं तो गाडी दूसरी देखो.” मामा म्हणतात एकास सहा. अजून ठरलेलं नाही.